लुशानचा धबधबा: कवितेतला कोणता आणि पायऱ्यांखालचा कोणता?

सांगलीच्या एका निवृत्त शिक्षिकेने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांची मुलगी आणि जावई नोकरीनिमित्त शांघायला राहतात. तिथल्या शाळेत दुसरीत शिकणाऱ्या नातीने ली बाय या कवीची लुशान पर्वतावरील धबधब्याची कविता पाठ करून व्हिडिओ कॉलवर म्हणून दाखवली आणि ‘आजी, आपण तो धबधबा बघायला जाऊ’ असा हट्ट धरला. बाई एप्रिलअखेर शांघायला पोहोचत आहेत. त्या स्वतः रोज चार-पाच किलोमीटर चालतात, परंतु यजमानांच्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे. तिथे तीन हजार पायऱ्या आहेत असे कुणी सांगते, कुणी गाडी थेट वर जाते म्हणते, तर कुणी पाणीच नसते असे म्हणते. मग जावे की नाही, आणि गेल्यास केव्हा व कसे, हा त्यांचा प्रश्न आहे.

मी गेली काही वर्षे मराठी प्रवाशांचे लहान गट चीनच्या मध्य आणि दक्षिण भागात नेतो आणि लुशानला अनेकदा जाऊन आलो आहे. आपल्याला मिळालेल्या तिन्ही माहितींत तथ्य आहे. त्या परस्परविरोधी वाटतात याचे कारण एवढेच की सांगणारे निरनिराळ्या धबधब्यांबद्दल आणि निरनिराळ्या ऋतूंबद्दल बोलत आहेत. म्हणून सर्वांत आधी, आपल्याला कोणता धबधबा पाहायचा आहे हे ठरवावे लागेल.

लुशान हा ज्यांगशी प्रांतात जिउजियांग शहराला लागून असलेला पर्वत आहे. त्याच्या उत्तरेला यांगत्से नदी आहे आणि पूर्वेला पोयांग हे चीनमधले सर्वांत मोठे गोड्या पाण्याचे सरोवर. सर्वोच्च शिखर १,४७४ मीटर उंच आहे, म्हणजे आपल्या महाबळेश्वरच्या पठाराच्या जवळपास. या पर्वतावर लहानमोठे अनेक धबधबे आहेत, पण प्रवासी ज्यांची नावे घेतात ते मुख्यतः दोन. पहिला दक्षिण पायथ्याकडच्या श्यूफंग परिसरातला, आणि ली बायच्या कवितेतला धबधबा तो हाच असे परंपरेने मानले जाते. दुसरा पूर्वेकडच्या खोल दरीतला सानद्येच्वान, म्हणजे ‘तीन घड्यांचा झरा’. भित्तिपत्रकांवर, तिकिटांवर आणि समाजमाध्यमांवर दिसतो तो बहुतेक वेळा हा दुसरा. ‘सानद्येच्वान पाहिला नाही तो लुशानचा पाहुणा नव्हे’ अशी तिथे म्हणच आहे, आणि मार्गदर्शकही प्रवाशांना सरळ तिकडेच नेतात. परिणामी कविता ओठांवर घेऊन आलेली माणसे हजारो पायऱ्या उतरून भलत्याच धबधब्यापुढे उभी राहतात आणि आपण तोच पाहिला या समाधानात परततात.

ली बाय (इ.स. ७०१–७६२) ऐन पंचविशीच्या आसपास लुशानला आला तेव्हाची ही कविता समजली जाते. तिच्या चार ओळींचा आशय सांगायचा तर असा: धूपदान नावाच्या शिखरावर ऊन पडून जांभळा धूर उठतो आहे; दुरून पाहिले तर समोरच्या ओढ्यावर धबधबा टांगलेला दिसतो; प्रवाह तीन हजार छी सरळ खाली झेपावतो; आकाशगंगाच नवव्या स्वर्गातून निखळली की काय असे वाटते. छी हे जुने चिनी माप आपल्या फुटाच्या जवळचे असल्यामुळे तीन हजार छी ही उघडच कवीची उंची आहे, भूमापकाची नव्हे. पण दुसऱ्या ओळीतला ‘दुरून पाहिले तर’ हा शब्दप्रयोग आपल्या यजमानांच्या गुडघ्याच्या दृष्टीने मला फार मोलाचा वाटतो. कवीने हा धबधबा खालून, लांबून, डोंगराच्या पार्श्वभूमीवर पाहिलेला आहे. तो तसाच पाहण्याजोगा आहे आणि त्यासाठी दरीत उतरण्याची गरज नाही.

सानद्येच्वान इ.स. ११९१ मध्ये एका लाकूडतोड्याला दिसला अशी नोंद आहे, म्हणजे ली बायनंतर चारशेहून अधिक वर्षांनी. गंमत अशी की ली बाय ७५६ च्या सुमारास युद्धाच्या धामधुमीत लुशानवर ज्या कड्याजवळ राहिला असे सांगतात, तो कडा या धबधब्याच्या अगदी शेजारचा आहे. जू शी या थोर तत्त्वज्ञाची चुटपुट तर याहून मोठी. ११७९ ते ११८१ या काळात तो याच भागाचा अधिकारी होता, पायथ्याशी असलेली श्वेतमृग गुहेची विद्यापीठशाळा त्याने पुन्हा उभी केली, पर्वताचा कानाकोपरा हिंडला, आणि तो बदलून गेल्यावर दहा वर्षांनी धबधब्याची वार्ता आली. म्हातारपणी त्याने तो पाहता आला नाही म्हणून पत्रांतून हळहळ व्यक्त केली आणि निदान त्याचे चित्र तरी मिळावे अशी धडपड केली. हा प्रसंग मी आमच्या गटातल्या ज्येष्ठांना नेहमी सांगतो, कारण पायऱ्यांच्या तोंडाशी थांबून राहणाऱ्याला त्याने खराच दिलासा मिळतो.

आता पाण्याविषयी. लुशान हा भूखंडाचा तुकडा भेगांवरून वर उचलला जाऊन तयार झालेला पर्वत आहे. त्यामुळे माथ्यावर रुंद, सौम्य उताराच्या दऱ्या आहेत आणि कडेला एकदम तुटलेले कडे. माथ्यावरचे ओढे आरामात वाहत येतात आणि कडा आला की खाली कोसळतात. सानद्येच्वानचे पाणी याच रीतीने कठीण वालुकाश्माच्या पायऱ्यांवर तीन वेळा आपटत एकूण १५५ मीटर उतरते. जुन्या वर्णनानुसार वरची घडी भुरभुरणाऱ्या बर्फासारखी, मधली फुटणाऱ्या हिमखंडासारखी आणि खालची डोहात शिरणाऱ्या पांढऱ्या नागासारखी आहे. भरपूर पाणी असताना हे वर्णन अक्षरशः पटते. आकड्यांच्या स्पर्धेत मात्र या धबधब्याला उतरवू नये. साताऱ्याजवळचा भांबवलीचा वजराईसुद्धा तीन टप्प्यांत पडतो आणि उंचीने याच्या कितीतरी पुढे आहे.

महत्त्वाची गोष्ट ही की या ओढ्यांचे पाणलोट क्षेत्र लहान आहे. पाऊस पडून गेला की एक-दोन दिवस धबधबा भरभरून वाहतो, आठवडाभर कोरडा गेला की क्षीण होतो, आणि शरद ऋतूच्या शेवटी तर त्याची दोरी उरते. मी पहिल्यांदा गेलो तो नोव्हेंबर होता. दीड तास उतरून गेल्यावर जे दिसले त्याला आमच्या गटातल्या एका काकांनी ‘पन्हाळीचे पाणी’ म्हटले आणि मला ते खोडून काढता आले नाही. हिवाळ्यात कडाक्याची थंडी पडल्यास तो गोठून बर्फाचे झुंबर होतो आणि तेही पाहण्यासारखे असते, पण निसरड्या पायऱ्यांवर ज्येष्ठांना नेण्याची ती वेळ नव्हे. पाऊस तिथे आपल्यासारखा जूनमध्ये दार ठोठावून येत नाही. मार्चपासून तो अधूनमधून पडतच असतो आणि जूनच्या मध्यापासून जुलैच्या आरंभापर्यंत ‘मेइयू’, म्हणजे आलुबुखाराच्या जातीची फळे पिकण्याच्या काळातली झड लागते. वर्षाला सुमारे १,९०० मिलिमीटर पाऊस होतो. महाबळेश्वरच्या मानाने तो थोडाच, पण अनेक महिन्यांत वाटलेला असल्यामुळे वसंतातही धबधबा जिवंत असतो. म्हणून एप्रिलचा मध्य ते जुलैचा आरंभ हा काळ मी सर्वांत चांगला मानतो.

पाणी खरे असते का, असेही हल्ली बरेच जण विचारतात. ही शंका लुशानमुळे निर्माण झालेली नाही. हनान प्रांतातल्या युनताय पर्वतावरील ३१४ मीटर उंचीच्या धबधब्याच्या माथ्यावर एका गिर्यारोहकाला पाण्याचा नळ सापडला, त्याचे चित्रण जून २०२४ मध्ये सर्वत्र फिरले आणि कोरड्या दिवसांत प्रवाशांची निराशा होऊ नये म्हणून आपण ‘थोडी मदत’ केली होती, अशी कबुली तिथल्या व्यवस्थापनाने दिली. शंकेखोर माणसाने पावसानंतर दुसऱ्या दिवशी जावे. त्या वेळी कोणत्याही धबधब्याला नळाची गरज पडत नाही.

आपल्या तारखांत खरी अडचण पावसाची नसून सुट्टीची आहे. १ मेपासून चीनमध्ये कामगार दिनाची सलग सुट्टी असते, शांघायची निम्मी माणसे डोंगराकडे निघाल्यासारखी वाटतात, आणि अरुंद पायऱ्यांवर पुढच्याच्या टाचेला आपले बोट लागेल अशी रांग लागते. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातही हीच अवस्था असते. नातीला सुट्टी आहे म्हणून याच दिवसांत जाण्याचा मोह होईल, तो टाळावा. मेच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या आठवड्यात शुक्रवार आणि सोमवार असे शाळेचे दोन दिवस बुडवून जाणे शतपटीने बरे. शिक्षिकेला हे सुचवताना संकोच वाटतो, पण तिथे शिकायलाही पुष्कळ आहे. उदाहरणार्थ, बाय ज्यूयी या कवीने ८१७ साली इथल्या एका मंदिरात पाहिले की खाली मैदानात फुलांचा बहर सरून गेला असताना डोंगरावर पीचची झाडे नुकतीच फुलत आहेत. माथ्यावर वसंत उशिरा येतो हे त्याने त्या कवितेत टिपले, आणि हीच गोष्ट आपल्या सामानात उतरली पाहिजे. खाली जिउजियांगमध्ये घाम फुटत असला तरी वर सकाळ-संध्याकाळ स्वेटर लागतोच.

धुक्याबद्दल मात्र कोणीही हमी देऊ शकत नाही. वर्षातले निम्म्याहून अधिक दिवस लुशानवर कधी ना कधी धुके असते. सू तुंगपो या कवीने १०८४ मध्ये लिहून ठेवले की लुशानचा खरा चेहरा कळत नाही, कारण पाहणारा स्वतःच या डोंगरात असतो. चिनी माणसे हे वाक्य आजही रोजच्या बोलण्यात वापरतात. त्याचा अर्थ अर्थातच धुक्यापुरता नाही, पण तीन हात अंतरावरचे दिसेनासे झाले की तो पहिल्यांदा धुक्यासाठीच आठवतो. व्यवहारात याचा अर्थ एवढाच की माथ्यावर किमान दोन रात्री राहावे. एका दिवसात वर जाऊन खाली येण्याच्या सहली विकल्या जातात, त्या जुगारासारख्या आहेत.

राहण्याचे ठिकाण म्हणजे गुलिंग. सुमारे ११०० मीटर उंचीवरचे हे गाव पाहून आपल्याला माथेरान किंवा पाचगणी आठवेल आणि ते साम्य निव्वळ योगायोगाचे नाही. एडवर्ड लिटल या इंग्रज मिशनऱ्याने १८९५ मध्ये इथली जमीन भाडेपट्ट्याने घेतली आणि उन्हाळ्यात होरपळणाऱ्या यांगत्सेकाठच्या परदेशी कुटुंबांसाठी दगडी बंगल्यांची वसाहत उभारली. जुन्या नावाला ‘थंडावा’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाशी जुळवून घेत त्याने त्याचे ‘कूलिंग’ केले, ही कोटी इतिहासात टिकून राहिली आहे. त्यातले कित्येक बंगले आजही वापरात आहेत.

शोध घेताना नावांच्या घोळापासून सावध राहावे. ‘लुशान’ नावाचे रेल्वे स्थानक जिउजियांगच्या बाजूला आहे. ‘लुशान शहर’ हे मात्र दक्षिण पायथ्याचे पूर्वीचे शिंगझ, ज्याला २०१६ मध्ये हे नाव मिळाले. लुशान पर्वतावरचे हॉटेल म्हणून आरक्षण केलेली खोली प्रत्यक्षात खाली सरोवराकाठी निघाली, असे माझ्या ओळखीत दोन कुटुंबांचे झाले आहे. शिवाय रोमन लिपीत हुबेहूब असेच लिहिले जाणारे गाव स्च्वानमध्येही आहे आणि हनानमध्येही. म्हणून मुलीकडून चिनी अक्षरांत ‘गुलिंग गाव’ असे लिहून घेऊन त्याच नावाने शोधावे आणि परदेशी पारपत्राची नोंद करून घेतात ना, हे आधीच फोनवर विचारावे.

शांघायहून जलद रेल्वेने जिउजियांग किंवा लुशान स्थानक गाठावे. तिकिटे पारपत्राच्या क्रमांकावर निघतात, त्यामुळे मूळ पारपत्र जवळ बाळगावे लागते. पायथ्याहून वर जाण्यास दोन मार्ग आहेत, एक रोपवे आणि दुसरा १९५३ मध्ये खुला झालेला घाटरस्ता, ज्याला चारशेच्या आसपास वळणे आहेत असे सांगतात. वळणे मोजण्याच्या स्थितीत मी कधीच नव्हतो. ज्यांना गाडी लागते त्यांनी रोपवे घ्यावा. तो जोराच्या वाऱ्यात बंद ठेवतात, म्हणून उलटीची गोळी खिशात असलेली बरी. माथ्यावर प्रेक्षणीय स्थळांना जोडणाऱ्या बसगाड्या आहेत आणि त्यांचा बहुदिवसांचा पास मिळतो. ‘गाडी थेट वर जाते’ हे विधान येथवर खरे आहे.

सानद्येच्वानच्या दारापर्यंतही बस जाते. तिथून पुढे दरीतल्या वाटेचा काही भाग वाचवणारी रुळांवरची छोटी गाडी आहे, पण ती पायऱ्या वाचवत नाही आणि तिकीट विकणारे हे आपणहून सांगत नाहीत. पायऱ्या एका बाजूच्या हजाराहून कितीतरी अधिक आहेत, काही ठिकाणी उभ्या आणि ओल्या. आपल्याकडे गड चढताना माणूस दमला की थांबतो, परत फिरतो, आणि परतीची वाट उताराची असते. इथे उलटे आहे: ताज्या दमाने उतरणे होते आणि थकलेल्या पायांनी चढणे. त्यामुळे खाली असताना ‘अजून जमेल’ असे वाटते तेव्हाच निम्मी शक्ती संपलेली असते. शिवाय शस्त्रक्रिया झालेल्या गुडघ्याला चढण्यापेक्षा उतरणे अधिक त्रासदायक. बांबूच्या डोलीवाले वाटेत भेटतात. त्यांचा दर एका बाजूचा की दोन्हींचा, माणसामागे की डोलीमागे, हे फोनवर आकडा लिहून दाखवून बसण्यापूर्वीच ठरवावे. पण माझे मत विचाराल तर उभ्या ओल्या पायऱ्यांवर डोलीत बसून उतरण्याने यजमानांच्या गुडघ्याची काळजी मिटेल आणि काळजाची सुरू होईल. त्यांनी हा धबधबा सोडून द्यावा हेच बरे.

तेव्हा मी आपल्याला असे सुचवतो. शुक्रवारी दुपारपर्यंत जिउजियांग आणि संध्याकाळी गुलिंग गाठावे. शनिवारी उजाडताच, पहिल्या बसने, आपण, जावई आणि नात असे तिघांनी सानद्येच्वानला जावे. दुसरीतल्या मुलीला हे जमते, मात्र बूट घट्ट तळाचे हवेत आणि खांद्यावर पाण्याशिवाय ओझे नको. उतरायला तासभर आणि चढायला त्याच्या दीडपट-दुप्पट वेळ धरावा, म्हणजे जेवायला परत. त्या वेळात यजमान आणि मुलगी यांनी लूलिन तलाव आणि बाय ज्यूयीच्या नावाने ओळखली जाणारी फुलांची पायवाट पाहावी. दोन्ही ठिकाणे सपाटीची आहेत. शनिवारी धुके दाटलेले असेल तर हीच विभागणी रविवारी करावी. पाऊस जोरात असल्यास दरीची वाट बंदही ठेवतात, अशा वेळी दारावर हुज्जत घालू नये. रविवार मोकळा राहिला तर हानपो खिंडीतून पोयांग सरोवरावरचा सूर्योदय पाहता येतो.

सोमवारी सकाळी सामानासकट दक्षिणेकडे उतरून श्यूफंगला जावे. तिथे यजमान तुमच्याबरोबर असतील. जुन्या मंदिराच्या आवारातून आणि ओढ्याकाठच्या बांधीव वाटेवरून मान वर केली की कड्यावरून उतरणारी पांढरी रेघ दिसते. नातीला कविता म्हणायला सांगायची ती इथे. ओढ्याच्या वरच्या अंगाला ड्रॅगनचा डोह आहे. आजूबाजूच्या खडकांवर सुंग या जुन्या राजघराण्याच्या काळापासूनच्या लेखांची दाटी आहे, त्यांत तत्त्वज्ञ आणि सेनापती वांग यांगमिंग याचा लेखही आहे. चिनी वाचता येत नसले तरी अक्षरांचे वळण पाहत अर्धा तास सहज जातो.

एखादा तास हाताशी उरला आणि गाडीवाला तयार असला तर वायव्य पायथ्याचे तुंगलिन मंदिर चुकवू नका. हुईयुआन या भिक्षूसाठी ते ३८६ मध्ये बांधले गेले आणि चीनमधल्या सुखावती पंथाचे, म्हणजे अमिताभ बुद्धाच्या भक्तीवर भर देणाऱ्या बौद्ध पंथाचे, ते उगमस्थान मानले जाते. पाचव्या शतकाच्या आरंभी भारतातून आलेला बुद्धभद्र हा पंडित हुईयुआनच्या निमंत्रणावरून लुशानवर राहिला आणि ध्यानविषयक ग्रंथाचा चिनी अनुवाद त्याने इथेच केला. एवढ्या दूर येऊन तो नेमका याच धुक्यात राहिला, याचे मला दर खेपेस नवल वाटते. मंदिराच्या भोजनगृहातले जेवण शाकाहारी असते, हा आणखी एक फायदा.

जेवणाचा विषय निघालाच आहे तर एक सूचना. गुलिंगच्या हॉटेलांत ‘तीन दगडी’ पदार्थ आग्रहाने सुचवतात: दगडमासा, दगडकोंबडी आणि दगडकान. पहिला बारीक मासा आहे. तिसरा खडकावर वाढणारे दगडफुलाच्या जातीचे काळसर शेवाळ, ते शाकाहारी माणसाने खुशाल खावे, मात्र अंड्यात किंवा मांसात शिजवलेले नाही ना हे विचारून. दुसरी मात्र कोंबडी नसून बेडूक आहे. भाषांतर करणारे ॲप बहुधा ‘चिकन’ म्हणूनच सांगते, आणि आमच्या एका गटात ताट निम्मे संपल्यावर उलगडा झाला होता.

पैसे देण्यासाठी अलीपे किंवा वीचॅट भारतातून निघण्यापूर्वीच कार्डाला जोडून घ्यावे. थोडी रोकडही ठेवावी, डोंगरावर नेटवर्क जाते. गुगलचे नकाशे तिथे भरवशाचे नाहीत, जावयांच्या फोनमधला स्थानिक नकाशा वापरावा. आणि सोमवारचे परतीचे रेल्वे तिकीट संध्याकाळी पाचनंतरचे काढावे, कारण सकाळी धुके असले तरी श्यूफंगचा कडा पुष्कळदा दुपारी दोन-तीनच्या सुमारास मोकळा होतो.